निर्वासित, परकीय, नागरिक : कागदावरचे अर्थ

मुलुंड कॉलनी, चेंबूर कॅम्प, ठाण्याची कोपरी कॉलनी ही नावे फाळणीची आहेत. सिंधमधून आलेल्या कुटुंबांना १९४७ नंतर या वस्त्यांत आणि कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली. त्या छावण्यांचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले. आसपासची मराठी माणसे या लोकांना 'निर्वासित' म्हणत. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची पक्की दुकाने उभी राहिली तरी तो शब्द काही वर्षे चिकटून राहिला. निर्वासित म्हणजे ज्याचा वास, म्हणजे राहते ठिकाण, सुटले तो. हिंदीत त्यालाच 'शरणार्थी' म्हणतात, म्हणजे आसरा मागणारा. मराठी शब्द मागे सुटलेल्या घराकडे बघतो, हिंदी शब्द समोरच्या दाराकडे. ज्यांच्यासाठी हे शब्द वापरले जात त्यांना दोन्ही फारसे आवडत नसत. 'आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत' असे ते ठणकावून सांगत.

कायद्याने मात्र तिसराच शब्द निवडला. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये या लोकांच्या नोंदणीसाठी केलेल्या कायद्याच्या नावात 'रेफ्युजी' होता. केंद्र सरकारच्या पुढच्या कायद्यांत तो जाऊन 'डिस्प्लेस्ड पर्सन', म्हणजे विस्थापित, आला. १ मार्च १९४७ नंतर फाळणीमुळे किंवा दंगलींमुळे आता पाकिस्तानात असलेल्या भागातले घर सोडून जो भारतात राहायला आला, तो विस्थापित, अशी साधारण व्याख्या होती. व्याख्येत तारीख घातली की पुढचे सगळे त्या तारखेवर ठरते. तिकडे सोडलेल्या घराजमिनीबद्दल इकडे भरपाई मागायची तर आधी विस्थापित म्हणून नोंद हवी. नोंद असली की 'क्लेम' दाखल करता येई. मुलुंड-उल्हासनगरच्या सिंधी घरांत 'क्लेम' हा इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यातला झाला तो त्यामुळेच. याचे जुळे भावंड म्हणजे 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी' : मालक पाकिस्तानात निघून गेला म्हणून इथे मागे राहिलेली आणि सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेलेली मालमत्ता. एकाचे तिकडे सुटलेले घर आणि दुसऱ्याचे इकडे सुटलेले घर यांचा सरकारी हिशोब १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने चालला. हे कायदे २००५ मध्ये रद्द झाले. जमिनींचे प्रश्न उरलेच. सिंधी विस्थापितांच्या वसाहतींमधल्या जमिनी नियमित करण्यासाठी राज्य सरकारला २०२५ मध्येही अभय योजना आणावी लागली.

विस्थापितांच्या बाबतीत आणखी एक तारीख मोलाची आहे : १९ जुलै १९४८. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचे झाले. संविधानाचे सहावे कलम हीच तारीख धरून दोन गट पाडते. स्वतःचा किंवा आईवडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कुणाचा जन्म अखंड भारतातला असला पाहिजे, ही अट दोघांनाही आहे. त्या तारखेआधी येऊन इथे राहिलेला माणूस आपोआप नागरिक. त्यानंतर आलेल्याने निदान सहा महिने इथे राहून अर्ज करायचा आणि अधिकाऱ्याकडून नाव नोंदवून घ्यायचे. सातवे कलम उलट दिशेचे आहे. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस भारताचा नागरिक राहिला नाही. मात्र कायमच्या परतीचे परमिट घेऊन जो परत आला तो सहाव्या कलमाच्या दुसऱ्या गटात बसला. थोडक्यात, मुलुंड कॉलनीतल्या माणसाच्या अंगावर 'निर्वासित' हे बिरुद होते तेव्हाच तो कायद्याने भारताचा नागरिक झालेला होता. आंतरराष्ट्रीय कायद्यात ज्याला निर्वासित म्हणतात त्यात तो बसत नाही.

त्या कायद्याचा निर्वासित कसा असतो हे कोल्हापूरजवळ वळिवड्याला दिसले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पोलंडच्या पूर्व भागातून हजारो कुटुंबे सैबेरियाकडे हद्दपार केली. त्यांतल्या काहींची पुढे सुटका झाली. इराणमार्गे जे भारतात पोहोचले त्यांतल्या सुमारे पाच हजारांसाठी १९४३ मध्ये वळिवड्याला छावणी उभी राहिली. बहुतेक स्त्रिया आणि मुले. छावणीत शाळा होती, चर्च होते, स्काउटची पथके होती. युद्ध संपल्यावर घरी परतायचा प्रश्न आला आणि बहुतेकांनी नकार दिला, कारण त्यांच्या गावांचा भाग आता सोव्हिएत संघात गेला होता आणि उरलेल्या पोलंडमध्ये त्यांना नको असलेली राजवट आली होती. कुणी इंग्लंडला गेले, कुणी आणखी दूरच्या देशांत. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात आणि कापडाच्या घाऊक खरेदीसाठी लोक तिथे जातात. एकाच छपराखाली पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन प्रकारचे निर्वासित राहिले : पहिले परकीय, दुसरे नागरिक.

वळिवड्याची गोष्ट समजली की निर्वासितांच्या कायद्यातले तीन शब्द समजतात. मायदेशी परत जाणे म्हणजे 'रिपॅट्रिएशन'. ते स्वेच्छेने असावे, असा दंडक आहे. ज्या देशात आसरा घेतला तिथून तिसऱ्याच देशात कायमचे वसणे म्हणजे 'रिसेटलमेंट'. आणि जिथे आसरा घेतला तिथेच मिसळून जाणे म्हणजे 'लोकल इंटिग्रेशन'. निर्वासितपणाचा शेवट या तीनपैकी एका वाटेने होतो. यातले काहीच झाले नाही तर छावणी होते, आणि छावण्या पिढ्यान् पिढ्या टिकतात.

निर्वासिताची जगन्मान्य व्याख्या २८ जुलै १९५१ च्या जिनिव्हा करारात आहे. तिचे चार पाय आहेत आणि चारही एकदम टेकावे लागतात. माणूस आपल्या देशाच्या बाहेर असला पाहिजे. छळ होईल अशी भीती असली पाहिजे आणि ती 'वेल-फाउंडेड', म्हणजे नुसती मनातली नसून परिस्थितीने दाखवता येण्यासारखी हवी. छळाचे कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातले असणे किंवा राजकीय मत यांपैकी एखादे असावे. आणि स्वतःच्या देशाचे संरक्षण त्याला मिळत नसावे किंवा भीतीपोटी घेता येत नसावे. दुष्काळामुळे निघालेला माणूस यात बसत नाही. गरिबीमुळे निघालेलाही नाही. कोयनेच्या धरणात गाव गेलेला तर अजिबात नाही, कारण त्याने देशाची सीमा ओलांडलेलीच नाही. तो धरणग्रस्त, कायद्याच्या भाषेत अंतर्गत विस्थापित. मूळ करार फक्त १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. ती मर्यादा १९६७ च्या प्रोटोकॉलने काढली.

'असायलम सीकर' म्हणजे आश्रयार्थी हा निर्वासिताच्या आधीचा टप्पा. आसरा मागितला आहे, अर्जाचा निर्णय व्हायचा आहे, असा माणूस. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी पडतात, पण दोघांच्या हक्कांत मोठा फरक असतो. अमेरिकेच्या कायद्यात तर आणखी एक भेद आहे : देशाबाहेरून निवड होऊन येतो तो 'रेफ्युजी', आणि सीमेवर पोहोचून किंवा आत शिरल्यावर आसरा मागतो त्याला मिळते ते 'असायलम'. छळाची कसोटी एकच, अर्जाची जागा वेगळी.

निर्वासितांच्या कायद्याचा कणा मानला जाणारा शब्द फ्रेंच आहे : 'नॉन-रिफाउलमेंट'. मराठीत सोपा प्रतिशब्द रुळलेला नाही. जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे माणसाला परत ढकलायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९५१ च्या कराराचे तेहतिसावे कलम हेच सांगते.

भारताने ना १९५१ च्या करारावर सही केली ना १९६७ च्या प्रोटोकॉलवर. निर्वासितांसाठी स्वतंत्र भारतीय कायदाही नाही. म्हणून भारतात एखादा गट निर्वासित आहे की नाही हे सरकारच्या धोरणावर ठरत आले, आणि धोरण गटागटाला वेगळे. तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र मिळते, ज्याला त्यांच्यात 'आरसी' म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या शहरांत स्वेटरची दुकाने मांडणाऱ्या कित्येकांच्या खिशात पासपोर्ट नसतो, आरसी असते. परदेशी जायचे तर 'आयडेंटिटी सर्टिफिकेट' नावाचे पुस्तक काढावे लागते. अफगाणिस्तान किंवा म्यानमारहून आलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे दिल्लीतले कार्यालय चौकशीनंतर कार्ड देते. ते उपयोगी असते, पण भारतीय कायद्याने दिलेला तो दर्जा नव्हे. रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये जो अंतरिम आदेश दिला त्यात हे नेमके दिसते. समानतेचे चौदावे आणि जीविताचे एकविसावे कलम परकीयांनाही आहे, पण हद्दपार न होण्याचा हक्क भारतात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो एकोणिसाव्या कलमात फक्त नागरिकांना आहे, असे न्यायालय म्हणाले. ठरलेली प्रक्रिया पार पाडल्याशिवाय मात्र कुणाला परत पाठवू नये, असेही.

ज्याला नागरिकत्व नाही तो भारतीय कायद्याच्या लेखी 'परकीय'. इथे निर्वासित, पर्यटक, विद्यार्थी, घुसखोर सगळे एका खुंटीला अडकवलेले आहेत. हा शब्द किती आंधळा असू शकतो याचा दाखला मुंबईच्याच इतिहासात आहे. आकाशवाणीची सकाळी वाजणारी ती ओळखीची धून ज्यांनी केली ते वॉल्टर कॉफमन हे प्रागहून १९३४ मध्ये मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. नाझींपासून जीव वाचवण्यासाठी त्या दशकात बरेच ज्यू डॉक्टर, चित्रकार, व्यापारी मुंबईत आले. युद्ध सुरू होताच त्यांच्यातल्या जर्मन-ऑस्ट्रियन पासपोर्टवाल्यांना ब्रिटिश सरकारने 'एनिमी एलियन', म्हणजे शत्रुराष्ट्राचे परकीय, ठरवले. हिटलरपासून पळालेल्या माणसाला हिटलरचा नागरिक म्हणून अटक झाली. काहींना पुरंदर किल्ल्यावरच्या आणि साताऱ्याच्या छावण्यांत नजरकैदेत राहावे लागले. कायद्याने त्यांचा पासपोर्ट पाहिला. ते पळून का आले हे विचारायला त्याच्याकडे रकाना नव्हता.

त्याच काळातले कायदे स्वतंत्र भारताने चालवले : १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परकीय नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा. विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० सालचा कायदा धरून हे चारही रद्द झाले आणि १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५' लागू झाला. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास किमान दोन आणि कमाल सात वर्षे. निर्वासित हा शब्द आपल्या व्याख्यांत घेण्याची संधी नव्या कायद्यापुढे होती. ती घेतली गेली नाही.

अंधेरी पूर्वेला सहारच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर हा कायदा काउंटरच्या काचेमागे बसलेला असतो. प्रवाशाच्या हातात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेकांना त्या एकच वाटतात. पासपोर्ट सांगतो की माणूस कुठल्या देशाचा आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. त्यावर कोणत्या कामासाठी, किती वेळा आणि कधीपर्यंत हे लिहिलेले असते. आणि प्रवेशाचा शिक्का म्हणजे प्रत्यक्ष आत घेतल्याची नोंद. व्हिसा असूनही अधिकारी आत घेण्यास नकार देऊ शकतो आणि आलेल्या विमानानेच परत पाठवू शकतो. पासपोर्ट बनावट निघाला तर प्रकरण सहार पोलीस ठाण्यात जाते. बाहेर जाणाऱ्यालाही हाच काउंटर अडवतो. फरारी कर्जबुडवे किंवा आरोपी यांच्यासाठी काढलेले 'लुकआउट सर्क्युलर' तिथल्या संगणकावर उमटते. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असेल तर आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली वेगळी मंजुरी लागते. येणे म्हणजे इमिग्रेशन आणि जाणे म्हणजे एमिग्रेशन. ही मंजुरी नसेल तर आखाताचा पहिला प्रवास विमानतळावरच संपू शकतो.

आत आल्यावर दुसरा शब्द येतो : नोंदणी. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक परकीयांना चौदा दिवसांत परकीय नोंदणी कार्यालयात, म्हणजे 'एफआरआरओ'कडे, नाव नोंदवावे लागते. मरोळ-सहारच्या हॉटेलांना आणि घर देणाऱ्यालाही परकीय पाहुण्याची माहिती चोवीस तासांत द्यावी लागते. त्यासाठीचा फॉर्म 'सी फॉर्म' म्हणून ओळखला जातो. घाटकोपर किंवा बोरिवलीत भाड्याने खोली देणारे 'लीव्ह अँड लायसन्स' आणि पोलीस व्हेरिफिकेशन उरकले की सुटलो असे समजतात. भाडेकरू परदेशी असेल तर सी फॉर्म वेगळा भरायचा असतो.

सगळ्या परकीयांना एकच नियम लागतो असेही नाही. सोसायटीच्या गेटवरचा नेपाळी वॉचमन कायद्याने परकीयच, पण १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही. पाकिस्तानी नागरिकांचे नियम सर्वांत कडक. पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंना 'लाँग टर्म व्हिसा' मिळतो. उल्हासनगरात अशी कुटुंबे आहेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा लाँग टर्म व्हिसा त्यातून वगळला गेला. ज्याच्या कागदावर ते तीन शब्द होते त्याला सामान बांधावे लागले नाही.

'बेकायदेशीर स्थलांतरित' हा शब्द राजकीय भाषणांत सैल वापरला जातो. नागरिकत्व कायद्यात तो चोख आहे. वैध कागदपत्रांशिवाय शिरलेला परकीय किंवा वैध कागदांवर येऊन मुदतीपलीकडे राहिलेला परकीय, असे दोनच प्रकार. म्हणजे नदी ओलांडून आलेला मजूर आणि अंधेरीच्या कॉलेजात शिकायला येऊन व्हिसा संपल्यावरही राहिलेला परदेशी विद्यार्थी एकाच व्याख्येत येतात. दुसऱ्या प्रकाराला बोलीत 'ओव्हरस्टे' म्हणतात. अशा माणसाला देश सोडतानाही 'एक्झिट परमिट' काढावे लागते.

आपण परकीय नाही हे सिद्ध कुणी करायचे? बाकी फौजदारी कायद्यात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. इथे ती उलटी आहे : ज्याच्यावर संशय त्यानेच नागरिकत्व दाखवायचे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या नवव्या कलमातला हा नियम नव्या कायद्यातही कायम आहे. मात्र संशयाला काही आधार सरकारने आधी दाखवला पाहिजे, मनात येईल त्याच्या दारावर थाप मारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात बजावले. ठाण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असले म्हणून कुणी नागरिक ठरत नाही. आधारच्या कायद्यातच हे लिहिलेले आहे. आधार रहिवाशाला मिळते, आणि रहिवासी परकीयही असू शकतो. मग नागरिकत्वाचा कागद कोणता? जन्माने नागरिक असलेल्या माणसाला सरकार तसे वेगळे प्रमाणपत्र देत नाही, ही या सगळ्या व्यवस्थेतली मोठी गंमत आहे. पासपोर्ट, जन्मदाखला, आईवडिलांचे कागद यांची मोट बांधूनच ते दाखवावे लागते. चाळीतल्या खोलीत पावसाचे पाणी शिरून ज्याचे कागद गेले त्याला ही गंमत वाटत नाही.

परत पाठवण्याचेही शब्द वेगवेगळे आहेत. 'लीव्ह इंडिया नोटीस' म्हणजे ठरल्या मुदतीत स्वतःहून निघून जाण्याचा आदेश. 'डिपोर्टेशन' म्हणजे सरकारने नेऊन पोहोचवणे. त्यासाठी समोरच्या देशाने 'हा आमचा माणूस' अशी खातरी द्यावी लागते, आणि ती येईपर्यंत माणूस अडकून पडतो. 'एक्स्ट्रॅडिशन' म्हणजे प्रत्यार्पण हे फक्त आरोपी किंवा गुन्हेगारासाठी, दोन देशांतल्या समझोत्याने आणि कोर्टाच्या वाटेने. मुंबईकरांना हा फरक गुन्हेगारी जगातल्या दोन नावांवरून लक्षात राहील. टिळक नगरचा छोटा राजन २०१५ मध्ये इंडोनेशियाने पकडला. तो दुसऱ्याच नावाच्या पासपोर्टवर फिरत होता. इंडोनेशियाने त्याला डिपोर्ट केले आणि काम काही दिवसांत उरकले. अबू सालेम २००५ मध्ये पोर्तुगालहून आला तो प्रत्यार्पणाने. त्यासाठी भारताने फाशी न देण्याची आणि पंचवीस वर्षांहून जास्त कैदेत न ठेवण्याची हमी दिली होती. जन्मठेप होऊनही ती हमी पाळावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. डिपोर्टेशनमध्ये अशी हमी नसते, प्रत्यार्पणात असू शकते.

'पुश बॅक' हा शब्द मात्र कुठल्याही भारतीय कायद्यात नाही. ना नोटीस, ना सुनावणी, ना समोरच्या देशाची खातरी. सीमेवर नेऊन पलीकडे सोडायचे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात कामाला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून असे पलीकडे पाठवले गेले. ते भारतीय असल्याचे त्यांच्या राज्याने दाखवल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यांच्यातला एक मीरा रोडला गवंडीकाम करत होता. प्रक्रिया वगळली की काय होते याला याहून वेगळा पुरावा नको.

कुठल्याच देशाने आपला न म्हटलेला माणूस म्हणजे 'स्टेटलेस', देशहीन. युगांडात जन्मलेली आणि १९६६ मध्ये लहानपणी आईच्या पासपोर्टवर मुंबईत आलेली एक स्त्री इथेच वाढली, लग्न झाले, नातवंडे झाली, पण पासपोर्ट मिळेना म्हणून अखेर तिला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. तिच्याकडे मतदार कार्ड होते.

आता नागरिकत्वाच्या वाटा. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाला तीन काळ आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला, आईवडील कुणीही असोत, नागरिक. याच आधारावर भारतात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नागरिक ठरवले. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील यांपैकी एकजण नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसलेला. बाहेरून आलेल्यांसाठी दोन मार्ग : भारतीय वंशाच्या व्यक्ती, नागरिकांचे जोडीदार वगैरेंसाठी 'नोंदणी' आणि बाकीच्यांसाठी दीर्घ वास्तव्यानंतरचे 'नॅचरलायझेशन'. बेकायदेशीर स्थलांतरिताला दोन्ही बंद. २०१९ च्या दुरुस्तीने, म्हणजे सीएएने, ही बंद दारे एका गटापुरती उघडली : पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती. नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. या कायद्यावरच्या चर्चेत 'निर्वासित' हा शब्द हजारदा आला असेल, पण दुरुस्तीच्या मजकुरात तो नाही. नव्या इमिग्रेशन कायद्याखाली निघालेल्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आल्यावर नागरिकत्वाची मुदत वाढल्याचा गैरसमज पसरला. तो आदेश शिक्षेतून सूट देणारा आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच आहे.

मुलुंड, बोरिवली, अंधेरीतल्या मराठी घरांचा या शब्दांशी खरा संबंध येतो तो मुले परदेशी गेल्यावर, आणि तिथे 'एनआरआय' या शब्दाचे हाल होतात. एनआरआय हा भारताचा नागरिकच असतो, फक्त राहायला बाहेर. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. जुना पासपोर्ट जमा करून 'सरेंडर सर्टिफिकेट' घ्यावे लागते. त्यानंतर मिळते ते ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड. नावात 'सिटिझन' असले तरी ते नागरिकत्व नव्हे : आयुष्यभराचा व्हिसा आहे, मतदान नाही, शेतजमीन विकत घेणे नाही. पूर्वीचे पीआयओ, म्हणजे 'पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन', कार्ड २०१५ मध्ये त्यातच विलीन झाले.

अमेरिकेत 'व्हिसा' आणि 'स्टेटस' यांची गल्लत सर्वांत महाग पडते. एच-वन-बी हा कामाचा दर्जा साधारण सहा वर्षांचा. ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, नागरिकत्व नव्हे. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. भारतीयांची रांग लांबते ती त्यामुळे, आणि घराघरांत 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, हा शब्द पत्रिकेतल्या ग्रहासारखा पाहिला जातो. कागद न करता गेलेल्यांचे काय होते तेही दिसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून अमृतसरला उतरवलेल्या पहिल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्राचे तिघे होते.

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असतो, म्हणून आपण वर्षभर राहू शकतो असे त्यांना वाटते. राहायची मुदत व्हिसा ठरवत नाही. ती 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते, बहुधा सहा महिन्यांची, आणि विमानाने येणाऱ्याला ती हल्ली सहसा कागदावर मिळत नाही. मुदतीनंतर एकशे ऐंशी दिवसांहून जास्त राहून जो बाहेर पडतो त्याला तीन वर्षे, एक वर्ष किंवा जास्त राहिला तर दहा वर्षे परत प्रवेश नाही. तेव्हा तिथे पोहोचलेल्याने दुसऱ्याच दिवशी मुलाला सांगून अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर आपली आय-९४ उघडून घ्यावी आणि त्यावरची तारीख परतीच्या तिकिटाशी ताडून पाहावी.